लोखंड गार होईपर्यंत

शुक्रवारी सकाळी सात वाजता शेडमध्ये अकरा क्रँक होते. सगळे भिंतीला टेकून उभे. इंजिनाच्या पोटात फिरणारा हा वाकडातिकडा लोखंडी दांडा आडवा ठेवला की स्वतःच्याच वजनाने हळूहळू वाकतो, म्हणून मास्टर जामेरांच्या शेडमध्ये कोणी तो कधी आडवा ठेवत नसे. अकरांपैकी सातांवर खडूने आकडे लिहिलेले होते, तीन कोरे होते, आणि एक इतका झिजलेला की त्याचं आता काही होणार नव्हतं. त्याच्या डोक्यावर मास्टर हात धुवायचा साबण ठेवत. ग्राइंडिंगची यंत्रं दोन, त्यातलं चालू एक. मायक्रोमीटर तीन, त्यातला विश्वासाचा एक. माणसं दोन, मास्टर आणि त्यांच्याकडे काम शिकणारी बोआतेमा. आणि बोआतेमाच्या निळ्या डगल्याच्या खिशात चार घड्या घातलेलं एक पत्र होतं, ज्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती.

पत्र विद्यापीठाचं होतं. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जागा मिळाली आहे, मूळ दाखले घेऊन स्वतः हजर राहा आणि सही करा, न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. बोआतेमाने ते इतक्या वेळा वाचलं होतं की घड्यांवरची अक्षरं पुसट झाली होती.

ती क्रँक मोजून झाले की पुन्हा मोजत होती. खडूची कांडी घेऊन तिने टोक काढलं, मग तेच टोक भिंतीवर घासून बोथट केलं. मास्टर कोपऱ्यातल्या बाकावर बसून लापशी पीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"एकतर बस, नाहीतर झाडू घे," ते म्हणाले. "अशी फिरत राहिलीस तर मला चक्कर येईल."

तिने झाडू घेतला.

साडेसातला वोफा अदुसेई आले. वोफा म्हणजे तिच्या आईचे थोरले भाऊ. कोकोच्या गोदामात चौतीस वर्षं वजनकाट्यावर उभा राहिलेला माणूस. अजूनही शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. बोआतेमाची शाळा पहिलीपासून त्यांनीच केली होती. आईकडून कूळ मोजणाऱ्या आशांती घरात ते बापाचं नव्हे, वोफाचंच काम. त्यांच्या काखेत प्लॅस्टिकची फाइल होती.

"हे काय? अजून याच कपड्यांत?"

"वोफा, साडेसात वाजलेत. ऑफिस नऊला उघडतं."

"आणि रांग सहाला लागते. काल बघून आलोय मी."

मास्टरांनी उठून पाण्याचा पेला त्यांच्यापुढे केला. पाहुणा पाणी पिऊन होईपर्यंत कामाचं बोलायचं नसतं, त्यामुळे वोफांना गप्प बसून सगळं पाणी प्यावं लागलं. मग मास्टर बाकावर नीट बसले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुमचं येणं कशासाठी?"

"तुला माहीत नाही का, जामेरा?"

"माहीत असलं तरी विचारायचं असतं."

"माझी भाची न्यायला आलोय."

"न्या की. दहा महिने राहिलेत, तेवढे इथे ठेवा आणि बाकीची न्या."

शागिर्दी तीन वर्षांची ठरली होती. तीन वर्षं भरली की मास्टर बाटली उघडतात, पहिली धार जमिनीला देतात, पूर्वजांची नावं घेतात. मग शिष्याच्या डोक्यावर पांढरी पावडर उधळतात, हातात एक अवजार देतात, आणि त्या दिवसापासून तो हात मोकळा. सुआमे या गॅरेजवस्तीतल्या हजारो शेडमध्ये हीच रीत. मोकळीक न घेता जो निघून जातो त्याला पळालेला म्हणतात, आणि पळालेल्याला कुठल्याही शेडमध्ये कोणी यंत्रापाशी उभं करत नाही. मग तो कितीही हुशार असो.

"इंजिनिअर झाल्यावर तिला तुझी मोकळीक कशाला लागते?" वोफा म्हणाले. "तुझ्यासारखे दहा जण ती पदरी ठेवील."

"ठेवील," मास्टर म्हणाले. "बाई, आत्ताच सांगून ठेव. माझी दुपारची झोप पगारी धरशील ना?"

बोआतेमाला हसू आलं, आणि वोफांसमोर हसल्याचा रागही आला.

"हसू नकोस," वोफा म्हणाले. "गणितात नापास झालीस तेव्हा शेजारची ती म्हातारी मला म्हणाली होती, पोरगी आता स्पॅनर धरणार. मी म्हटलं, तात्पुरतं. यंदा पुन्हा परीक्षेला बसून पास झालीस, तोवर दोन वर्षं दोन महिने मी तात्पुरतं म्हणतोय." त्यांनी फाइल थोपटली. "दाखले माझ्याकडेच राहतील. तुझ्या हाताचा भरवसा नाही. मागच्या वेळी जन्मदाखल्यावर तेलाचा अंगठा उठवलास, तर तिथली बाई विचारत होती, हा शिक्का कुठल्या ऑफिसचा. मी बारापासून तिथे दारात आंब्याखाली बसतो. तीनपर्यंत ये. कपडे बदलून ये."

ते गेल्यावर बोआतेमाने झाडू भिंतीला टेकवला.

"मास्टर, तुम्ही काहीच म्हणत नाही."

"म्हटलं की. जा."

"आणि मोकळीक?"

"ती दहा महिन्यांनी असते. आज शुक्रवार आहे." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "दोन्ही हातांत दोन गोष्टी धरून तू दारात उभी आहेस, पोरी. ना आत ना बाहेर. वारा अडतोय माझा."

तिला दोन्ही हवं होतं, हे त्यांना कळलं होतं, याचाच तिला राग आला. विद्यापीठ तिने एकदा आतून पाहिलं होतं. प्रयोगशाळेत एक मापक होता, त्याचा काटा मिलिमीटरचा हजारावा भाग दाखवायचा. तिने नुसता तळवा जवळ नेला आणि काटा हलला. हाताच्या उबेने पोलाद फुगलं होतं, आणि ते दिसत होतं! त्या दिवसापासून तिने एक वही केली. ग्राइंड करून उतरवलेला क्रँक गरम असताना मोजायचा, पूर्ण गार झाल्यावर पुन्हा मोजायचा, दोन्ही आकडे लिहायचे. ग्राइंडिंगच्या दगडावर सोडायच्या साबणाच्या पाण्याचा पंप अशक्त होता, त्यामुळे शेडमधला क्रँक चांगलाच तापायचा. सव्वीस क्रँक झाले होते. गार होताना ते सरासरी सतरा हजारांश आकसत. सर्वात कमी चौदा, सर्वात जास्त वीस. मास्टर यावर एवढंच म्हणत, "तापलेल्या लोखंडाला माप विचारू नये. झोपू दे आधी." त्यांनी हे कोणाकडून शिकलं, आणि त्या माणसाने कोणाकडून, याचा पत्ता नव्हता. पण का आकसतं, आणि चौदा का, वीस का, हे त्यांना सांगता येत नव्हतं. तिथे, विद्यापीठात, येत असणार.

साडेनऊला ड्रायव्हर अम्पोन्सा खांद्यावर क्रँक घेऊन आला, लग्नातला उंट आल्यासारखा मान वाकडी करून.

"मास्टर, मेलो. उद्या माम्पोंगला मयताची गाडी आहे. पंधरा माणसं, सगळी काळ्या कपड्यांत. सकाळी सहाला निघायचंय आणि इंजिन असं खडखडत होतं की मेलेला उठून बसेल."

"ठेव. उभा ठेव! आडवा नको." मास्टरांनी चारही जागांवरून बोट फिरवलं. जिथे बेअरिंग बसतं त्या गोल चकचकीत जागा. त्यातल्या एकीवर नख अडकेल एवढी रेघ होती. "आज नाही व्हायचं. पलीकडे इद्रिसूकडे ने."

"इद्रिसूकडे? त्याने मागच्या वेळी माझा क्रँक असा गोल केला की अंडं बरं."

"आज माझं माणूस जाणार आहे."

अम्पोन्साने बोआतेमाकडे पाहिलं. "कुठे?"

"विद्यापीठात," मास्टर म्हणाले.

"अरे वा! म्हणजे पुढच्या वेळी मॅडम म्हणायचं? मॅडम, जाता जाता एवढा एक घासून जा. माझी सासू गेलीय हो, दुसऱ्या कोणाची नाही. गाडी माम्पोंगच्या चढावर बंद पडली तर बायको म्हणेल मुद्दाम केलंस."

ती नाही म्हणू शकली असती. रांग लागली होती, वोफा निघाले होते, कपडे बदलायचे होते. तिने घड्याळ पाहिलं. चार जागा, तासाला एक, मधे दगड साफ करायचा.

"मी करते," ती म्हणाली. "अडीचला होईल."

मास्टर उठले. त्यांनी यंत्राचं बटण दाबलं.

दगड फिरू लागला की तिच्या पायांतली वळवळ थांबायची. आजही थांबली. ठिणग्यांची बारीक धार, साबणाच्या पाण्याची थेंबथेंब, लोखंडाचा आवाज जाड होत होत शेवटी नुसता श्वासासारखा. चारही जागा गार झाल्यावर एकोणसाठ पूर्णांक चौऱ्याहत्तर शतांश मिलिमीटर यायला हव्या होत्या. एक शतांश इकडेतिकडे चालेल. त्याहून बारीक झाली तर तेल टिकणार नाही, जाड राहिली तर बेअरिंग धरून बसेल. तिने प्रत्येक जागा सतरा हजारांशांनी जाड सोडली. आकसण्यासाठी.

माप ती घेत होती. गेले आठ महिने तीच घेत होती. मास्टरांच्या उजव्या डोळ्यात दुधासारखं काहीतरी पसरलं होतं, आणि डावा पहिल्यापासूनच अधू. मायक्रोमीटरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या. ती आकडा मोठ्याने वाचायची, मग ते मायक्रोमीटर हातात घेऊन डोळ्यांजवळ नेत, मान डोलवत आणि म्हणत, "बरोबर." एकदा तिने मुद्दाम चुकीचा आकडा वाचला होता. तेव्हाही ते "बरोबर" म्हणाले. दोघांनी याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता.

दुसरी जागा संपेपर्यंत साडेअकरा झाले. वोफांचा निरोप आला: पोचलो. तिसरी संपली तेव्हा पाऊण. चौथीवर ती रेघ होती, खोल. दगड हळू लावावा लागला. अम्पोन्सा दारात बसून भाजलेली केळी खात होता आणि सासूच्या गोष्टी सांगत होता. सासूने त्याला अकरा वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नव्हती, "अहो, ती गाडी" म्हणायची. दोन पस्तीसला बोआतेमाने यंत्र बंद केलं. क्रँकला हात लावता येत नव्हता. चौथ्या जागेचं माप घेतलं: एकोणसाठ पूर्णांक सात पाच सात. सत्तावीस नंबरच्या ओळीत लिहिलं. पुढचा रकाना रिकामा.

"झोपू दे त्याला," मास्टर म्हणाले. "पळ आता."

"गार झाल्यावर मापं..."

"चाळीस वर्षं मापं कोण घेत होतं? पळ."

तिने पत्र काढून घेतलं, डगला खुंटीला लावला, हात केरोसिनने पुसले, साबणाने धुतले. तरी नखांत काळं राहिलंच.

त्रोत्रो या शेअर गाड्यांच्या थांब्यावर विद्यापीठाकडे जाणारी एकच गाडी उभी होती. जागा पंधरा. भरल्याशिवाय ती हलत नाही. बोआतेमा आठवी. खिडकीजवळ बसून तिने खिशातलं पत्र चाचपलं आणि मोजू लागली. नववी एक बाई, टोपलीत गोगलगायी घेऊन. दहावा आणि अकरावा एकत्र आले. बारावा पाय आत टाकून खाली उतरला, मित्राला हाक मारायला गेला, मग दोघं आले. तेरा. घड्याळात दोन पंचावन्न. पाऊण तासाचा रस्ता, शुक्रवारची गर्दी धरली तर तास. चारच्या सुमाराला पोचायला हरकत नव्हती.

पहिल्या तीन जागा, नीट गोल आहेत का हे कळावं म्हणून, तिने आडव्या मोजल्या होत्या आणि उभ्याही. चौथी फक्त आडवी.

हे तिला गाडीत बसल्यावर आठवलं. अम्पोन्सा सासूचं सांगत होता आणि ती घड्याळ बघत होती. उभं माप घेतलंच नव्हतं. दगड हळू लावला होता, बराच वेळ. ती जागा बाकीच्यांपेक्षा जास्त तापली असणार. मग सतरा पुरले असतील का? की एकोणीस हवे होते? तिने डोळे मिटून हिशेब केला. उत्तर दोन प्रकारे आलं आणि दोन्ही वेगळी आली.

मास्टर मायक्रोमीटर डोळ्यांजवळ नेतील. "बरोबर" म्हणतील. खडूने लिहितील. उद्या सहाला पंधरा माणसं त्यावर बसतील.

चौदा.

पण ते एवढंच असतं तर तिने अम्पोन्साला फोन करून सांगितलं असतं, इद्रिसूकडून मोजून घे म्हणून. खरं म्हणजे तिला तो आकडा हवा होता. आत्ता, या क्षणी, शेडमध्ये तो आकडा लोखंडात हळूहळू उतरत होता आणि ती तिथे नव्हती. सकाळी नऊला ती निघू शकली असती. दहाला निघू शकली असती. कोणी धरलं नव्हतं. मास्टर क्रँक परत पाठवत होते आणि "मी करते" असं तिच्याच तोंडून आलं होतं. दिवसभर ती स्वतःला विचारत फिरत होती आणि हातांनी कधीच उत्तर देऊन टाकलं होतं.

एक जाडा माणूस धापा टाकत आला. पंधरा. कंडक्टरने दार ओढलं.

"थांबा," बोआतेमा म्हणाली. "मला उतरायचंय."

"आता? आता भरली तेव्हा?"

"अगं बाई, अर्धा तास आम्ही इथे उकडतोय!" गोगलगायीवाली ओरडली. "माझा माल चालत पुढे पोचला असता."

"नवऱ्याला घरात कोंडून आली असेल," मागून कोणी म्हणालं, आणि सगळी गाडी हसली.

ती गुडघे आणि टोपल्या ओलांडत खाली उतरली. मागे कंडक्टर पुन्हा ओरडू लागला: एक जागा, एकच जागा. आता उतरलं की पाचच्या आत पोचणं नाही. पुढची गाडी लागून भरायलाच सव्वा तास. हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरीही तिने गाडी जाईपर्यंत तिकडे पाहिलं नाही. मग फोन काढला.

"निघालीस?" वोफा म्हणाले. "ये लवकर. माझ्यापुढे फक्त नऊ जण आहेत. एका मुलाला जागा धरायला सांगितलीय."

"वोफा, मी येत नाहीये."

"गाडी नाही मिळाली? टॅक्सी कर. इथे मी देतो."

"मिळाली होती. बसलेही होते. उतरले."

पलीकडे कोणीतरी नावं पुकारत होतं.

"तिथे जे शिकवतात ते मला शिकायचंय. खोटं नाही सांगत. पण इथलं अर्धं टाकून नाही."

"दहा महिन्यांनी ही जागा तुझी नसेल."

"माहीत आहे."

"त्या जामेराने काही भरवलं का तुला?"

"ते सकाळपासून जा म्हणतायत."

पुन्हा नावं. एक नाव दोनदा पुकारलं गेलं, कोणी ओ दिली नाही.

"नापास झालीस तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं," वोफा म्हणाले. "तेव्हा तुझ्या हातात नव्हतं." मग थोड्या वेळाने, वजनकाट्यावरचा आकडा सांगावा तशा आवाजात: "सकाळपासून काही खाल्लं नाही मी. इथे मक्याचं केंके चांगलं मिळतं म्हणतात. ते खातो आणि घरी जातो."

फोन बंद झाल्यावर ती गटाराच्या कठड्यापाशी थोडी उभी राहिली. मग चालू लागली, आधी सावकाश, नंतर भराभर.

मास्टर दारातल्या उजेडात उभे होते. मायक्रोमीटर डोळ्यांना जवळजवळ चिकटलेला, आणि अंगठ्याचं नख रेघांवरून फिरवत होते, जणू बोटांनी आकडा वाचता येईल. तिची चाहूल लागताच त्यांनी हात खाली घेतला.

"गाडी चुकली?"

"नाही. भरली होती."

"जागा नाही मिळाली?"

"मिळाली होती."

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, तोंडाकडे नव्हे, तोंडाच्या जरा बाजूला, जिथे त्यांना ती दिसत असावी.

"मास्टर, द्या इकडे. मापं मी घेते." ती थांबली. "रोज मीच घेते."

"माहीत आहे मला," मास्टर म्हणाले. "डोळा गेलाय, अक्कल नाही. तू एकदा मला खोटा आकडा वाचून दाखवलास, तेही माहीत आहे." त्यांनी मायक्रोमीटर तिच्या हातात दिला. "पण दहा महिने म्हणजे दहा महिने. आज अर्धा तास बुडवलास तो धरून."

"वोफा फार दुखावलेत."

"दुखावणारच. रविवारी मी जाईन त्यांच्याकडे. पाणी तरी देतील." ते बाकावर बसले. "कशाला उतरलीस?"

"चौथी जागा उभी मोजली नव्हती."

मास्टरांनी मान डोलावली, या वेळी खरोखरच काहीतरी ऐकल्यासारखी.

अम्पोन्सा येऊन गेला, पुन्हा आला, "मॅडम गेल्या नाहीत?" म्हणाला, आणि मास्टरांच्या चेहऱ्याकडे बघून दारातच बसला. क्रँक भिंतीशी उभा होता. साडेचारला तिने मनगटाची मागची बाजू लावून पाहिली, अजून कोमट. तिने डगला घातला, तिन्ही कोऱ्या क्रँकवर सोमवारची तारीख लिहिली, दगड साफ केला. पावणेपाचला पुन्हा पाहिलं. पाचला तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. शेजारच्या मशिदीजवळच्या शेडमधले लोहार ऐरणी झाकू लागले, त्यावरून कळलं. मग मनगटाला क्रँक आणि भिंत सारखीच लागली.

तिने मायक्रोमीटरचे जबडे कापडाने पुसले आणि पहिल्या तीन जागा मोजल्या. तिन्ही हद्दीत होत्या. चौथीला तिने दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीनदा माप घेतलं.

"काय म्हणतोय?" मास्टरांनी विचारलं.

तिने वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. पाच वाजून अकरा मिनिटं. क्रँक सत्तावीस, चौथी जागा. आडवं माप एकोणसाठ पूर्णांक सात चार एक. उभं माप एकोणसाठ पूर्णांक सात चार तीन. दोन्ही हद्दीत.